मला एकदा तरी थांबवा

आमच्या वाशिमच्या गुरुजींचा सगळा उपदेश एका दमात सांगता येईल. सकाळी आधी खर्ज लावा, खालचा सा स्थिर झाल्याशिवाय वर जाऊ नका. आवडती तान कमी घ्या, अडते ती जास्त घ्या. आणि कार्यक्रमात चुकलं तर थांबायचं नाही, चेहरासुद्धा हलू द्यायचा नाही, समेवर यायचं. झेडपीच्या शाळेत शिकवून माझा घसा बसायचा, तरी मी हे तंतोतंत पाळलं. आणि माझ्या वाट्याला काय आलं? "छान. पुढं घे."

बस, एवढंच! आणि तिच्या वाट्याला? ती शिरपूरहून बसनं यायची, तिथल्या किराणा दुकानदाराची सून. माझ्या कितीतरी नंतर आलेली. तिनं तोंड उघडलं की गुरुजींचा हात पेटीवरून उठायचा. "थांब वं. काहून पळून राह्यली? यमन हाय हा, मध्यम तीव्र लागते. वर धर. घे पुन्हा." ती घ्यायची. पुन्हा थांब, पुन्हा घे. माझा अख्खा यमन गुळगुळीत निघून जायचा आणि तिच्या एका मध्यमावर सकाळ सरायची. तिची बस चुकायची, तरी ते सोडत नसत.

बाकीच्यांना तिची कीव यायची. माझ्या पोटात आग पडायची, खोटं कशाला बोलू? ज्या वावरात पीक घ्यायचं तिथंच माणूस निंदायला बसतो. पडीत जमिनीत खुरपं घेऊन कोण जातं?

एकदा तीच मला म्हणाली, "ताई, तुमचं बरं हाय. तुमाले कधी टोकत नाहीत. मले तं रडू येते."

व्वा गं बाई! भरल्या ताटावर बसून उपाशी माणसाला गाऱ्हाणं सांगत होती.

मग गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आला. पेटीवर सगळ्यांना गुरुजीच होते. मी बागेश्री गायले, कुठं केसाइतकीही चूक नाही. "छान," ते पुटपुटले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी उठले. नंतर ती बसली. यमन. रंगत चढत होती आणि तिचा मध्यम जरासा उतरला. सभागृहात कुणाला कळलंही नसतं. पण ही बया थांबली! वर्गात थांबते तशी तोंड मिटून गुरुजींकडे बघत बसली. तबलजीचा हात जागच्या जागी राहिला. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. आता ऐका म्हटलं बोलणी, पहिलाच धडा विसरली.

गुरुजींनी पेटीवरचा हात उचलला आणि माईकसमोर, घरातल्यासारखं म्हणाले, "वर धर. घे पुन्हा."

तिनं घेतला. "अजून." तिनं पुन्हा घेतला, आणि तो असा लागला की मेला माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. लोक वाहवा करत उठले. नंतर पेढे खाताना जो तो त्या मध्यमाबद्दल बोलत होता. माझी बागेश्री कुणाच्या लक्षातही नव्हती.

घरी आले ती ठरवूनच. पुढच्या वर्गाला मी यमन मागितला आणि मुद्दाम शुद्ध मध्यम लावला. तोही ठासून, नवखं पोरगंही ओळखेल असा. गुरुजींचा हात पेटीवरून उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी उठला. आता म्हणतील, थांब वं.

"तुले बरं नाही का?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "तुह्यं असं कधी होत नाही. जाय घरी, आराम कर. आज गाऊ नको."

"हो जी, जरा कणकण हाय," माझ्या तोंडून निघून गेलं. दुसरं काय सांगणार होते?

पर्स उचलून मी जिन्यानं खाली निघाले. ती वर येत होती. "काय झालं ताई?" तिनं विचारलं. मी तिला वाट देऊन उतरले. खाली चपला घालत होते तेवढ्यात तिचा सा लागला, आणि पाठोपाठ गुरुजींचा आवाज आला, "थांब वं."