इमामचाचांची माफी

मी एका म्हाताऱ्या माणसाची हजयात्रा जवळजवळ बुडवली होती, आणि तीही एका शब्दात.

तेव्हा मी सोळा वर्षांची, पलूसला नवी सून म्हणून आलेली. अक्कल अजून माहेरीच होती, मागाहून यायची होती. आमच्या शेजारी इमामचाचा पिंजारी राहत. अख्ख्या गावाच्या गाद्या त्यांनीच भरलेल्या. महायुद्धाची लढाई चालू होती तोवर हजची जहाजं बंद, त्यामुळे चाचा वाट बघत बसले होते. दाढीतला शेवटचा काळा केस पांढरा झाला, तेव्हा कुठे लढाई संपली आणि त्यांचा जहाजाचा पास आला.

हजला निघणाऱ्यानं घर सोडण्याआधी दारोदार जाऊन माफी मागायची असते. माणसाचं मन दुखावलं असेल तर ते माणसानंच माफ करावं लागतं, अल्लाही त्यात पडत नाही, असं चाचा सांगत. निघायच्या सकाळी ते आमच्या दारात आले. गणूचा छकडा स्टेशनला न्यायला बाहेर उभा होता. सासूबाईंनी मला आधीच पढवलं होतं, "पदर घ्यायचा आन् 'केलं माफ' म्हणायचं. दोनच शब्द हाईत, जास्त वटवट न्हाई."

आता बघा, त्या घरात तोवर मला कुणी आमटीत मीठ किती हेसुद्धा विचारलं नव्हतं. आणि हा पांढऱ्या दाढीचा माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा! मी अशी काही फुगले की विचारू नका.

"पोरी, काय चुकलंमाकलं आसंल तर माफ कर," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

बस्स, एवढंच. सासूबाईंनी पाठीत चिमटा काढला, पण शब्द सुटला होता. चाचा पडले सरळ माणूस. ते ओट्यावर टेकले आणि आठवू लागले.

"खरं हाय तुझं. चुकीचं नाव न घेता माफी मागायची म्हंजी चुकवाचुकवी झाली. तर ऐक. तुज्यापायी मी वैनींशी खोटं बोललो. गुळाची ढेप कुणी पोखरली म्हून त्यांनी मला इचारलं, तवा मी घूस म्हणून सांगितलं."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "घूस व्हय? आन् त्या घुशीनं नाकात नथ घातली हुती काय?"

(त्या घुशीसाठी सासूबाईंनी महिनाभर सापळा लावला होता. सापळ्यातला गूळही मीच खाल्ला.)

"वैनी, खोटं बोललो, माफ करा," चाचा म्हणाले.

"तुमाला केलं. हिचं मी बघते."

एवढ्यात माफीचं गाऱ्हाणं ऐकून आळी गोळा झाली. पलीकडच्या तानूबाईला वाटलं, आपल्यालाही काही निघतं का बघावं. "चाचा, माजं बी काय आसंल तर सांगा की."

"हाय. तुज्या लेकीच्या रुखवताची गादी. आत नवा कापूस हाय म्हून मी तुज्या व्याह्यांना शपथंवर सांगितलं. आत तुज्या म्हाताऱ्याची जुनी वाकळ पिंजून भरली हुती."

व्याही तिथंच उभे होते.

"तरीच," व्याही म्हणाले, "जावयाला झोपंत खोकला लागतोय."

गणू छकड्यावरून ओरडला, "आवं चाचा, आगगाडी चुकंल!"

"आगगाडी चुकली तर जहाज चुकंल, ठावं हाय मला. पर एक बी गोष्ट मनात ठिवून गेलो तर जाऊन उपेग काय?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, पण उठायला तयार नाही. आयुष्यभर डोळे लावून बसलेला माणूस, आणि मी एक दीडशहाणी! मी पुढे होऊन म्हटलं, "चाचा, केलं माफ. गुळाचं, घुशीचं, समद्याचं." पण आता माझ्या माफीनं भागणार नव्हतं. सगळी आळी बाकी होती. आणि चाचांना सगळं आठवत होतं.

तेवढ्यात गर्दी बघून पाटील आले. चाचांची नजर त्यांच्यावर गेली.

"पाटील, तुमी बी बरं आलासा. ती दुसरी गादी, जी वाड्यावर न नेता..."

पाटलांचा फेटाच हलला. "केलं माफ! माज्याकडनं माफ, समद्या गावाकडनं माफ! कुणाची हरकत हाय?"

कुणाचीच नव्हती. तोवर प्रत्येकाला आपापली गादी आठवली होती. "केलं माफ, केलं माफ" करत माणसांनी चाचांना उचललं आणि छकड्यात बसवलं. पाटलांनी स्वतः वळकटी चढवली, आणि बैलांना पहिला फटकाही त्यांनीच दिला. (दुसरी गादी कुठं गेली ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून मी विचारत नाही, आणि मला कुणी विचारलेलं नाही.)

दुपारी गणू रिकामा छकडा घेऊन परत आला. "मिळाली गाडी. शिट्टी झाली तवा चाचांचा एक पाय खाली, एक वर." ते ऐकून मी मोरीत जाऊन मनसोक्त रडले. सासूबाईंनी त्या दिवशी गुळाला कुलूप लावलं, पण मला माहेरी धाडलं नाही.

कित्येक महिन्यांनी चाचा सुखरूप परतले. सगळ्यांना खजूर वाटला. मी सासूबाईंच्या मागे लपले होते, तर मला हाक मारून जवळ बोलावलं, हातावर दोन खजूर ठेवले आणि म्हणाले,

"तिथं समद्या आळीचं नाव घिऊन दुवा मागितली बघ. तुजं नाव एकदा घेतलं, तुज्या सासूचं दोनदा. तिला तुज्यासंगं दिस काढायचं हाईत."