बाबांनी नापास केलेल्या गाड्या

बाबा खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. माल पास करायचा की नापास, हेच त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्तीनंतर काचबिंदूने नजर अधू झाली, स्कूटर सुटली आणि ते घरात बसून कुढायला लागले. त्यांना बाहेर काढायचं म्हणून आईने साठीत गाडी शिकून घेतली. आता हवी होती एखादी जुनी, लहानशी गाडी. पण ती पास कोण करणार? बाबाच!

नजर अधू झाली तरी हात शाबूत होते. आधी बॉनेटवर तळवा. गरम लागला, म्हणजे मालकाने आपण यायच्या आत इंजिन चालवून ठेवलंय. गार असताना ते सुरू व्हायला नक्की कुरकुरत असणार. नापास. मग दाराच्या कडांवरून बोटं फिरवायची. रंग जाड लागला की गाडी ठोकलेली. पायाखालच्या मॅटला ओलसर वास आला, म्हणजे आत पाणी शिरलेलं, तरी नापास. मी रजा टाकून गावभर आई-बाबांच्या मागे हिंडत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते.

विश्रांतवाडीची गाडी मात्र बिनखोट निघाली. बॉनेट गार, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. बाबांचं चाचपणं काही संपेना, तेव्हा मालक म्हणाले, "काका, गाडी बघायला आलात की स्थळ?"

"पुढची बघू," बाबा मला म्हणाले.

माझा पाराच चढला. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. मालक पाणी आणायला आत गेले, तशी तिने विचारलं, "अहो, हिच्यात काय खोट आहे?"

"काही नाही." बाबांचा तळवा अजून बॉनेटवरच होता. "पण वाटेत बंद पडली तर? आजवर काहीही बंद पडलं की मी उतरायचो. आता तू भर उन्हात उतरणार आणि मी नुसता आत बसून राहणार."

कधीच बंद न पडणारी गाडी शोधत होते ते. तशी कुठल्याच कारखान्यातून निघत नाही.

"मग बसून राहा की," आई म्हणाली. "तुम्ही आत असलात म्हणजे मला रस्त्यात एकटं नाही वाटणार."

बाबा गाडीला हात लावत लावत डाव्या बाजूला गेले, दार उघडून बसले. आई स्टीअरिंगपाशी बसली. थोडा वेळ त्यांनी खांद्यापाशी चाचपून पाहिलं.

"पट्टा कुठे आहे गं?" त्यांनी तिला विचारलं.