अल्बनीकडची मंडळी

बाबांनी आयुष्यात बुकिंगशिवाय पाऊल उचललेलं मला आठवत नाही. माझ्या लग्नाचं कार्यालय त्यांनी माझं लग्न ठरायच्या आधीच घेऊन ठेवलं होतं. मुलगा कुठेही मिळेल, पुण्यात कार्यालय मिळत नाही, असं त्यांचं साधं गणित. त्यामुळे गेल्या जानेवारीत आमची मोटरहोमची ट्रिप ठरली आणि मी लॅपटॉप उघडून कॅम्पग्राउंड शोधायला बसले, तेव्हा मागून येऊन ते म्हणाले, "काही बुक करू नकोस. जाऊ तसं बघू." मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ताप-बिप आलाय की काय, अशी शंका आली.

"बाबा, जानेवारी म्हणजे इथे ऐन उन्हाळा. सगळा देश सुट्टीवर असतो. जागा मिळणार नाही."

"मिळेल कुठेतरी. घराला चाकं आहेत ना?"

नवरा खूश. बुकिंग केलं की सुट्टीची ड्युटी होते, हे त्याचं जुनं तुणतुणं. सासरा आणि जावई एका पक्षात गेलेले मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. मी लॅपटॉप मिटला, जरा आपटूनच.

खरं तर मला कॅम्पग्राउंडची तेवढी काळजी नव्हती. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे बाबा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे अल्बनीला आले होते आणि त्यांनी आता इथेच राहावं असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, मी ते ठरवूनच टाकलं होतं. खालच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, भिंतीवर हीटर लावला, देवांसाठी कोपऱ्यात फळी केली. फक्त त्यांचा होकार राहिला होता. त्यांचा व्हिसा मार्चमध्ये संपणार होता, पुढचा अर्ज करायचा तर लगेच करायला हवा होता. पण मी विषय काढला की ते म्हणायचे, "बघू." हे बघू होकाराचं की नकाराचं, की नुसतं मला गप्प करण्यासाठी, ते मला काही केल्या कळत नव्हतं. ट्रिपमध्ये कुठेतरी, समुद्रकाठी चहा पिता पिता, त्यांच्याकडून सरळ उत्तर घ्यायचंच असा माझा बेत होता.

तर निघालो. भाड्याच्या गाडीत सगळं होतं: पलंग, फ्रिज, शेगडी, संडास. गाडीत संडास असला की परवानगीच्या जागी रस्त्याकडेला मुक्काम करता येतो, आणि बुकिंगवाचून फिरायचं ते त्याच्याच भरवशावर. पहिल्या सकाळी बाबांनी संडासाचं दार उघडून आत पाहिलं, मग वळून शेगडीकडे पाहिलं. मध्ये हातभर अंतर.

"इथे?" ते म्हणाले.

"आजोबा, इट्स जस्ट अ टॉयलेट," लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

"बाळा, तिथे तुझी आई पोहे करते," असं म्हणून बाबा टॉवेल खांद्यावर टाकून सार्वजनिक स्वच्छतागृह शोधायला निघाले.

म्हणजे बुकिंग नको, आणि गाडीतला संडासही नको. शिवाय आंघोळ झाल्याशिवाय ते चहाला शिवत नाहीत. मग माणसाने करायचं तरी काय? एका गावात आम्ही त्यांना पोहण्याच्या तलावावर आंघोळीला नेलं. तिथे टॉग्जशिवाय, म्हणजे पोहायच्या कपड्यांशिवाय, आत सोडत नाहीत, तेव्हा जावयाची पोहायची चड्डी घालून, वर नाडी आवळून बांधून ते गेले आणि पाण्याला न शिवता शॉवरखाली साबण लावून परत आले. मला हसावं की रडावं कळेना. ते मात्र मजेत होते. रस्त्यात मेंढ्या दिसल्या की लेकीला मोजायला लावत होते.

प्रत्येक कॅम्पवर 'फुल' अशी पाटी. आणि एका ठिकाणी नशिबाने जागा होती! खिडकीतल्या बाईने रजिस्टर उघडून विचारलं, "किती रात्री? कधी निघणार?" मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बाबांकडे.

"नको. पुढे बघू," बाबा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

स्वच्छ संडास, गरम पाणी, समोर समुद्र, आणि नको? मला इतका राग आला की मी गाडीचं दार दाणकन लावलं. गाडी वळणं घेत होती, वरच्या कपाटात बरण्या खडखडत होत्या आणि मी मनात एकच घोकत होते: ह्या माणसाला नक्की हवंय तरी काय?

त्याच संध्याकाळी, पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यावर, एक उघडं फाटक दिसलं. आत हिरव्या कुरणात मोटरहोम, तंबू, धूर, पोरांची धावपळ. फाटकाला फुगे बांधलेले.

"कॅम्पला फुगे?" मी म्हटलं.

"सुट्टीचे दिवस आहेत गं," नवरा म्हणाला आणि त्याने गाडी आत घातली.

पिवळा टी-शर्ट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेला एक धिप्पाड माणूस हात हलवत, माओरी नमस्कार घालत आला. "किया ओरा! कुठून आलात?"

"अल्बनी."

"अच्छा, अल्बनीकडचे! त्या झाडांखाली लावा गाडी."

"पैसे कुठे भरायचे?" नवऱ्याने विचारलं. तो माणूस पोट धरून हसला, गाडीवर थाप मारली आणि "स्वीट ॲज" म्हणजे 'एकदम झकास' असं म्हणत निघून गेला.

मी ऑफिस शोधलं. नव्हतं. सगळ्यांच्या अंगात पिवळे, निळे, लाल टी-शर्ट. मला वाटलं, कसली तरी शर्यत असणार. पण संडास स्वच्छ होते, शॉवर होते, आणि बाबांचा चेहरा उजळला होता, म्हणून मी फार खोलात शिरले नाही. मोठ्या शेडमध्ये स्वयंपाकघर होतं. इथल्या कॅम्पग्राउंडवर सामाईक स्वयंपाकघर असतंच. आपली भांडी न्यायची आणि मोकळी शेगडी पकडायची. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेले पोहे, कांदे आणि कढई घेऊन मी आत गेले. दोन बायका ढीगभर बटाटे सोलत होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली.

"किती जणांचं करतेस?" एकीने विचारलं.

"चौघांचं."

तिने आपल्या बटाट्यांकडे पाहिलं, मग माझ्या कढईकडे. "छान," ती म्हणाली, पण तिला काही ते पटलेलं दिसलं नाही. थोड्या वेळाने दुसरीने माझ्या हातात सॅलडची भलीमोठी परात दिली आणि बाहेर नेऊन ठेवायला सांगितलं. नेली. परत येते तो माझी कढई जागेवर नाही. कुणीतरी ती उचलून बाहेरच्या लांबलचक टेबलावर ठेवली होती आणि लोक रांगेने पोहे वाढून घेत होते. आमचं रात्रीचं जेवण होतं ते! नवऱ्याला हाक मारायला गेले, तर तो लाल टी-शर्टवाल्यांच्या बाजूने रस्सीखेच खेळत होता. लेक कुणाच्या तरी घोड्यावर बसली होती. आणि बाबा, आंघोळ करून, भांग पाडून, मंडपात एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून रताळं खात होते. बाई चांगल्याच वयाच्या होत्या, केसांत फूल खोवलेलं, मांडीवर रग.

मग कुणीतरी माइक हातात घेतला आणि फोटोसाठी लोकांना बोलवायला लागला. आधी लाल, मग निळे, मग पिवळे. आणि मग: "अल्बनीकडचे, पुढे या!"

मागून कुणीतरी माझ्या पाठीला हात लावून मला पुढे सारलं. नवरा आला, लेक आली. समोरून तांबड्या दाढीचा एक तरुण, त्याची बायको आणि कडेवर बाळ, असेही आले. आम्ही त्यांच्याकडे बघतोय, ते आमच्याकडे.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"आम्ही अल्बनीचे," मी म्हटलं.

"आम्हीपण."

टी-शर्टचे रंग, फुगे, त्या माणसाचं हसणं, माझी कढई, सगळं एकदम डोक्यात शिरलं. तो कॅम्प नव्हताच. त्या म्हाताऱ्या बाईंचा वाढदिवस होता आणि त्यांचं अख्खं कुटुंब देशभरातून जमलं होतं; प्रत्येक मुलाच्या घराला एक रंग, आणि अल्बनीकडच्या दूरच्या नातलगांना रंगच नाही. आपल्याकडे लग्नात कसं, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे आणि मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, तसे आम्ही चौघे तिथे खपून गेलो होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी माफी मागायला लागले, इंग्रजी शब्द आठवेनात, आणि तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"ते पिवळं, मिरचीचं, कुणी केलं होतं?"

"मी."

"मग उभी राहा तिथेच. फोटो काढू दे त्याला."

असा त्यांच्या घराण्याच्या फोटोत आमचा शिरकाव झाला. त्यांनी आम्हाला जाऊही दिलं नाही.

जानेवारीत इथे जेवणं उरकली तरी उजेड असतो. मी ताट घेऊन बाबांजवळ जाऊन बसले. ते आपल्या सरकारी इंग्रजीत बाईंना प्रश्न विचारत होते आणि त्या उत्तरं देत होत्या. बाई जवळच्या गावात, म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत राहत होत्या. छोटंसं घर, एकटीचं.

"मुलांनी त्यांच्या घरी बोलावलं नाही?" बाबांनी विचारलं.

"तिघांनीही. मला निवडताच येईना," त्या हसल्या.

"दाराची किल्ली तुमच्याजवळ असते?"

"मग कुणाजवळ असणार?"

"चहा स्वतः करता येतो? ओळखीची माणसं आहेत? संध्याकाळी काय करता?"

मला वाटलं, बाबांना त्यांची कीव येतेय. मी मराठीत हळूच म्हटलं, "बाबा, नका इतकं खोदून विचारू. वाईट वाटेल त्यांना."

"त्यांना नाही वाटत," बाबा म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारायला लागले. मला पुन्हा काही कळेना.

सकाळी त्यांची आंघोळ झाल्यावर मी चहा केला आणि आम्ही दोघं गाडीच्या पायरीशी खुर्च्या टाकून बसलो. आता विचारायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं, तर बाबाच म्हणाले, "अगं, मी खोली घेतली आहे पुण्यात."

"कसली खोली?"

"ज्येष्ठांसाठी निवास आहे एक. तळमजला, खिडकीत कडुलिंब. मार्चपासून राहायला जायचंय."

"कधी घेतलीत?"

"इकडे यायच्या आधी."

मला आधी नीट समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की शेजारच्या तंबूतून कुणीतरी डोकं बाहेर काढलं. "मग इतके दिवस बघू, बघू काय चाललं होतं?"

"आलो आणि तू ती रंगवलेली खोली दाखवलीस. तोंडच उघडेना माझं." ते कपात बघत म्हणाले. "म्हणून म्हटलं, बुकिंग नको. बुकिंग करताना निघायची तारीख विचारतात. एकदा तारखांचा विषय निघाला असता, की तू माझ्या परत जायच्या तारखेवरही आली असतीस."

"मला न विचारता खोली घेतलीत!"

"तू मला विचारून दांडा बसवलास?"

मला फार राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. आपण ह्यांना इथे सुख द्यायला निघालो होतो आणि हे पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारखे राहत होते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"इथे काही कमी नाही गं," बाबा म्हणाले. "पण तुझ्या आईला ओळखणारं इथे तू सोडून कुणी नाही. आणि तू कामाला जातेस. तिकडे भाजीवालीसुद्धा तिची आठवण काढते. मला ते लागतं."

मी रडले. बाबांनी मला रडू दिलं. शेडमध्ये कुणीतरी भांडी घासत होतं, माझी कढईही त्यातच असणार.

डोळे पुसून मी विचारलं, "तिथे पाहुण्यांना राहता येतं?"

"येतं. वेगळी खोली आहे. पण आधी बुकिंग करावं लागतं."

"मग दिवाळीचं करा. आत्ता करा, माझ्यासमोर."

त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा चढवला, फोन काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "बघू."