सोयाबीनवर मोजलेली कॉफी

ओलावा मोजायचा मीटर सुरू केला आणि त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक शब्द त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. सोयाबीन.

मी कॉफी सोसायटीचा सुपरवायझर, तेव्हा अमरावतीच्या ऑफिसात होतो. तिकडे चिखलदऱ्याच्या डोंगरात आमच्या सोसायटीच्या गोडाऊनमध्ये सत्तावीस कुटुंबांची कॉफी पोत्यांत शिवून पडली होती. संध्याकाळी ट्रक येणार होता.

कॉफीचं फळ सोलून, आंबवून, धुतलं की पातळ टरफलातला दाणा उरतो. त्याला पार्चमेंट म्हणतात. तो जाळीच्या टेबलांवर वाळवतात. ओलावा अकरा टक्क्यांच्या आसपास आला की पोती भरायची. जास्त राहिला तर आत बुरशी धरते. बेंगळुरूच्या खरेदीदाराला कपात कुबट वास आला, की अख्खा लॉट साध्या कॉफीच्या भावात जातो. या घरांनी हंगामभर फक्त लाल, पिकलेली फळं निवडून तोडलेली असतात. त्या मेहनतीला मग काही अर्थ राहत नाही.

ओलावा मोजणाऱ्या मीटरला आधी धान्य सांगावं लागतं. ते चुकलं की आकडा चुकतो. दिवाळीत तेल्हाऱ्याच्या माझ्या चुलतभावाने सोयाबीन मोजायला मीटर मागितला होता. वस्तू सोसायटीची, तरी मी दिली. परत आल्यावर सेटिंग बदललं नाही.

दोन दिवसांपूर्वी अकरा आकडा बघून मी ‘भरा’ म्हणालो होतो. वाळवणीचं काम फुलवंतीबाई बेठेकर बघतात. त्यांनी दाणा दाताखाली धरला.

“साहेब, वल्ला हाय अजून. दबून राहिला, फुटत नाही.”

“मावशी, तुमच्या दाताला टक्के कळतात का?”

बाकीच्या बायका हसल्या. फुलवंतीबाईंनी तो दाणा परत टेबलावर टाकला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

मी सेक्रेटरी मोहोडसाहेबांना फोन लावला. “साहेब, ट्रक थांबवा.”

“काहून? बेंगळुरूच्या पार्टीचे रोज फोन येऊन राहिले मले.”

“मीटरमध्ये बिघाड दिसतो.”

“बिघाड का घोळ?”

“बिघाड,” मी म्हणालो. खरं बोलायची हिंमत झाली नाही.

ते म्हणाले, “पाहतो. पण ड्रायव्हर फोन उचलून नाही राहिला.”

वरच्या गावात फोन लागत नाही, म्हणून मीटर घेऊन स्वतःच निघालो. परतवाड्याहून घाट चढलो तो पोत्यांतली बुरशी डोळ्यांपुढे घेऊनच. गोडाऊनचं दार उघडलं. आत एकही पोतं नव्हतं. ट्रक लवकर येऊन गेला, असंच वाटलं. 

तेवढ्यात मागून दाणे ओढल्याचा आवाज आला. गोडाऊनला वळसा घालून गेलो. सगळी कॉफी टेबलांवर पसरलेली होती आणि फुलवंतीबाई लाकडी फावडीने ती उलटत होत्या.

“मावशी, हे कधी केलं?”

“परवा तुमची गाडी वळली, का आमी पोते उसवले.”

“मला सांगायचं ना!”

“सांगतलं होतं. तुमी आयकलं काय?”

“आणि ट्रक आला तर?”

शेजारची बाई म्हणाली, “चाकातली हवा काढाले कितीक वेळ लागते?”

मी तिथेच सगळं सांगितलं. मीटर ठीक होता, चूक माझी. दाताबद्दल बोललो त्याची माफी मागितली.

फुलवंतीबाई म्हणाल्या, “भावाचं सोयाबीन तरी बरोबर मोजलं काय?”

यावेळी सगळ्या मला हसल्या. छातीवरचं ओझं उतरलं.

मीटरचं सेटिंग कॉफीवर केलं आणि मोजलं. साडेबारा. कॉफी बांधली होती तेव्हा त्याहून जास्तच असणार. ट्रक खरंच आला, पण रिकामा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा अकरावर आला, तेव्हा पोती भरून ट्रकवर चढवली.

उतरताना परतवाड्यातून मोहोडसाहेबांना खरं सांगितलं.

“हे कालच काहून नाही सांगतलं?”

“भीती वाटली.”

“आता नाही वाटत?”

“वाटते.”

त्यांनी फोन ठेवला. मीटर आता त्यांच्या कपाटात असतो आणि नेताना सही करावी लागते. खरेदीदाराने तो लॉट पूर्ण भावाने घेतला.

ती कॉफी वाचली, कारण त्या बायकांनी माझं ऐकलं नाही. नव्या सुपरवायझरला मी पहिल्याच दिवशी सांगतो, तुमचा शब्द कुणी मोडला तर ओरडण्याआधी का मोडला ते विचारा.