खरं सांग, कुठे दुखतंय

आमच्या घरात डोकेदुखीचे दोनच प्रकार होते. मागची आणि पुढची. मागची म्हणजे मानेच्या वर, कवटीच्या बुडाशी. खोकले, शिंकले, अगदी खो खो हसले तरी सणकन उठायची आणि पाच-दहा मिनिटांत ओसरायची. ती माझी जन्माची सोबतीण. पुढची म्हणजे कपाळातली, सकाळी उठल्या उठल्या येणारी, बरोबर उलटी घेऊन. ती आली की दुसरा विचार करायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता हे असं का, ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. मी जन्मले तेव्हा माझा कणा कमरेपाशी नीट मिटलेलाच नव्हता. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. पहिल्याच आठवड्यात पाठ शिवली, पण डावा पाय कायमचा अर्धवट राहिला. जोडीला किआरी. म्हणजे मेंदूचा मागचा खालचा भाग कवटीत न राहता मानेत उतरलेला. मागची डोकेदुखी त्याची. शिवाय डोक्यात पाणी साचतं, म्हणून कानामागून पोटापर्यंत कातडीखालून एक नळी घातली आहे आणि कानामागे त्या नळीचा व्हॉल्व्ह. बाबा पालिकेच्या पाणीखात्यात होते, ते त्याला कॉक म्हणतात. नळी तुंबली तर पुढची डोकेदुखी. माझी नळी आजवर चारदा बदलली. हा शेवटचा कॉक बाहेरून, चुंबकाने कमी-जास्त करता येतो. त्यामुळे डोक्यापाशी चुंबक आणायचं नाही, हे डॉक्टरांनी आम्हा तिघांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मी फोनसुद्धा दुसऱ्या कानाला लावते.

हे सगळं असूनही मी धडधाकट माणूस आहे, असं माझं ठाम मत आहे. मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. पायाला आधाराचं कॅलिपर, हातात काठी, आणि बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर. सिग्नलला लोक वळून वळून बघतात. बघू देत.

आईबाबांना गावी जायचं होतं. मालवणच्या अलीकडे आमचं घर आहे, आणि बाबांनी माझ्या जन्मापासून तिथे मे महिन्यातले दहा दिवस सोडून काही काढलं नाही. का, तर माझं हॉस्पिटल इथे. निवृत्त झाले तरी तेच. आंब्याची कलमं लावायची म्हणायचे आणि माझ्याकडे बघून गप्प बसायचे. मला ते गप्प बसणं सहन व्हायचं नाही. शेवटी चौतिसाव्या वर्षी मी भांडले. म्हटलं, मी काय नळाखालची बादली आहे का, सतत लक्ष ठेवायला? जा ना तुम्ही. मी राहते एकटी.

आई कबूल झाली, पण एका अटीवर. रोज सकाळी फोन करणार, आणि मी खरं सांगायचं. कुठे दुखतंय आणि कधी दुखतंय. बस्स, एवढंच. "तू खरं बोलणार असशील तरच मी जाते," ती म्हणाली. मी गणपतीसमोर हो म्हटलं. गणपतीला गेली ती दोघं तिथेच राहिली.

रोज साडेसातला फोन वाजायचा. "डोकं?" एवढा एकच शब्द. मी म्हणायचे, "आहे जागेवर." ती हसायची. मागून बाबांचा आवाज यायचा, "इचार गो तेका, कलमांचो फोटो बघितला काय?" बाबा मुंबईत कधी मालवणी बोलायचे नाहीत. महिन्याभरात त्यांचा आवाजच बदलला होता. मोकळा झाला होता. तो ऐकला की मला वाटायचं, जमलं बुवा आपल्याला. दोन महिने झकास गेले.

समोरच्या दारातल्या काकूंकडे आमच्या घराची चावी. काकू म्हणजे प्रेमाचा धबधबा, आणि धबधब्यासारखाच आवाज. आई गेल्यापासून त्या दिवसातून दोनदा डोकावायच्या. दिवाळीत त्या एक उशी घेऊन आल्या. कुठल्याशा हॉलमधल्या मीटिंगला गेल्या होत्या, तिथून त्यांनी स्वतःसाठी गादी आणि माझ्यासाठी उशी आणली होती. "डोकेदुखीवर रामबाण आहे गं. रक्ताभिसरण सुधारतं. माझी कंबर बघ, कशी सुटली!" उशीत बिस्किटांएवढ्या कडक चकत्या होत्या. मला वाटलं, ॲक्युप्रेशर असेल. काकू बराच वेळ समजावत होत्या, आणि मी गॅसवरच्या दुधाकडे बघत मान हलवत होते. काकूंचं बोलणं मी नेहमी निम्मंच ऐकते. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्याही गळ्यात घालणार नाही.

उशी नको म्हणायचा धीर झाला नाही. त्यांनी इतक्या मायेने आणलेली. त्या रात्रीपासून ती डोक्याखाली घेतली.

चार-पाच दिवसांत एक तिसरीच डोकेदुखी सुरू झाली. ना मागची, ना पुढची. सगळं डोकं आतून खाली ओढल्यासारखं. आणि तऱ्हा अशी, की बसले-उभी राहिले की दुखायचं आणि आडवी झाले की दहा मिनिटांत गायब. सकाळी अंथरुणात छान वाटायचं. स्कूटर चालवून लॅबला पोचेपर्यंत डोळ्यांसमोर काजवे. रक्त घ्यायच्या खोलीत पेशंटसाठी एक बाक आहे, दुपारच्या सुट्टीत मी त्याच्यावर आडवी व्हायला लागले. "पाठ धरलीय," असं सांगायचे.

माझं डोकं त्या दिवसांत कसं चाललं होतं, ते आज आठवलं तरी मला माझा राग येतो. मी स्वतःला समजावत होते: मागची नाही म्हणजे किआरी नाही. उलटी नाही म्हणजे नळी नाही. यादीत नाही, म्हणजे काही नाहीच. थंडी पडलीय, चष्म्याचा नंबर वाढला असेल, आणि काय काय. आणि आतून मी मरणाची घाबरले होते. बसले असताना कानामागे बोट जायचं, कॉकचा उंचवटा चाचपायचं. चारदा डोकं भादरलेलं मला आठवतं. शुद्धीवर आल्यावर आईचं नाव पटकन न सुचण्याची ती काही मिनिटंही आठवतात. पाचव्यांदा मला ते नको होतं.

पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. मी "दुखतंय" म्हटलं की बाबा त्याच दिवशी घराला कुलूप लावणार. आणि एकदा आले की पुन्हा जाणार नाहीत. कधीच नाहीत. माझ्या डोक्यापायी त्या माणसाचं म्हातारपणही चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत जाणार.

साडेसातला फोन यायचा. मी तो आडवी राहूनच घ्यायचे, म्हणजे आवाजात काही येणार नाही. "डोकं?"

"आहे जागेवर."

आई हसायची. 

काकूंना मी सांगितलं होतं की उशी कमाल आहे, तिच्यावर टेकलं की दुखणं थांबतं. ते खोटं नव्हतं, खरंच थांबायचं! म्हणून मी तिच्यावर आणखी पडून राहायचे. रविवारचा अख्खा दिवस तिच्यावर. तीन आठवडे हा प्रकार चालला, आणि दर आठवड्याला माझा बसता येण्याचा वेळ कमी होत गेला.

त्याच तिसऱ्या रविवारी, दुपारी, आईचा फोन आला. ही तिची वेळ नव्हती. मला वाटलं, बाबांना काही झालं की काय.

"कशावर डोकं ठेवून झोपलीयस तू?"

"अगं, उशीवर. काय झालं?"

"काकूंनी दिलेली? ती आधी डोक्याखालून काढ. आत्ता. फेक लांब."

काकूंनी कौतुकाने आईला फोन केला होता. तुमच्या लेकीची डोकेदुखी आमच्या उशीने थांबवली, आत बारा चुंबकं आहेत, चेष्टा नाही! आईच्या हातून म्हणे तांदळाचं सूप पडलं.

मी उशी जमिनीवर ढकलली आणि उठून बसले. बसताक्षणी डोकं ओढलं गेलं. तोंडातून "आई गं" निघून गेलं.

"कधीपासून?" आईने विचारलं. आवाज अगदी हळू.

मी डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"खरं सांग. कुठे दुखतंय?"

मग मी सगळं सांगितलं. दिवाळीपासून, बसल्यावर, सगळीकडे. सांगता सांगता मी रडायला लागले, आणि रडण्याने ती मागची जुनीही उठली. पलीकडून बाबा विचारत होते, "काय झाला गो? काय झाला?" आई मला म्हणाली, "उताणी झोप. काकूंना बोलाव. आम्ही निघालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही दारात होती. बाबांच्या चपलांना लाल माती तशीच. टॅक्सीच्या मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून, आडवी पडून मी हॉस्पिटलला गेले, चौतीस वर्षांची घोडी.

डॉक्टरांनी स्कॅन केला, एक्स-रे काढला, आणि कॉकचा आकडा बघून जीभच चावली. चुंबकांमुळे तो फिरून जवळजवळ पूर्ण उघडला होता. डोक्यातलं पाणी भसाभस पोटात जात होतं, बसलं की जास्तच. "अजून काही दिवस गेले असते तर मेंदूभोवती रक्त साचलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी कानामागे एक गोल यंत्र टेकवून फिरवलं, पुन्हा एक्स-रे काढला, आणि झालं. ऑपरेशन नाही, काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी हसत आईकडे बघितलं. ती हसली नाही.

दोन दिवसांत मी ठणठणीत होऊन बसायला लागले. काकू येऊन ढसाढसा रडल्या. मीच त्यांना पाणी दिलं. "मी चुंबक म्हटलं होतं गं तुला," त्या म्हणाल्या, आणि म्हटलंही असेल. आठवड्याने मी आईला म्हटलं, "आता जा तुम्ही. आकडा जुळलाय, मी मस्त आहे."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उशीमुळे आलो नाही आम्ही. डोकं दुखलं म्हणूनही नाही. दुखणं घेऊनही तू एकटी राहू शकतेस हे मला माहीत होतं, म्हणूनच गेले होते. तीन आठवडे तू रोज सकाळी माझ्याशी खोटं बोललीस. आता आम्ही तिथे गेल्यावर तू फोनवर मस्त आहे म्हणालीस, तर मी काय समजू?"

 बाबांसाठी केलं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा गॅलरीत गावच्या शेजाऱ्याला फोनवर विचारत होते, कलमांना पाणी घातलं का. इथे ते पुन्हा शुद्ध बोलायला लागले होते.

मग सुरू झाला वेगळाच छळ. सकाळी आई माझ्या खोलीत येऊन विचारायची, मी म्हणायचे बरं आहे, आणि खरंच बरं असायचं! ती माझ्या डोळ्यांत बघायची, कपाळावर आठी आहे का बघायची, मी उठते कशी ते बघायची, आणि स्वयंपाकघरात जायची. महिना असा गेला. मी खरं बोलत होते आणि घरात कुणाचा विश्वास नव्हता. चिडचिड झाली, एकदा ताटही आपटलं. पण चिडू कुणावर, हे तर माझं मीच केलेलं.

जानेवारीत एका सकाळी आईने लसणीची फोडणी दिली आणि मिरचीचा ठसका माझ्या खोलीपर्यंत आला. मी लागोपाठ चारदा खोकले. मागची उठली, ती नेहमीसारखी नाही, डोळ्यांत पाणी आणणारी. मी कॉटची कड घट्ट धरली. सवयीने पहिला विचार आला तो हाच, की दार लावून घेऊ, दहा मिनिटांत जाईल, आईला कळायला नको. कळलं तर आणखी चार महिने हलणार नाही. मी दारापर्यंत गेलेही. आणि ते लावायच्या ऐवजी काठी टेकत स्वयंपाकघरात गेले.

"आई, दुखतंय. मागे. खोकल्यामुळे. खूप दुखतंय, दहातलं आठ. डाव्या हाताला मुंग्या येतायत. आणि मला भीती वाटतेय."

आईने गॅस बंद केला. मला खुर्चीत बसवलं, मान हाताने तोलून धरली. घड्याळाकडे बघत उभी राहिली. "आता?" "सात." "आता?" "सहा. मुंग्या गेल्या." बारा मिनिटांनी मी तीन म्हटलं. तिने ओट्यावरचं पाणी मला दिलं, आणि हॉलमध्ये जाऊन बाबांना म्हणाली, "अहो, बघा परवाची तिकिटं मिळतायत का."

"परवाची?" मी ओरडलेच. "अगं, आज माझं डोकं दुखलंय! आठ होतं!"

"हो ना. तूच येऊन सांगितलंस," ती म्हणाली, आणि कढई पुन्हा गॅसवर ठेवली.

बाबा चष्मा शोधत घरभर फिरत होते. आनंदाने की काळजीने, मला कळलं नाही, बहुधा त्यांनाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा फाटकात आली. मला वाटत होतं ओरडून सांगावं की नका जाऊ, मी उगाच शहाणपणा केला, मला एकटीला जमणार नाही. सामान चढवताना धूळ उडाली होती, मी दोनदा शिंकले होते. आईने रिक्षातून वाकून विचारलं, "किती?"

"पाच," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि रिक्षावाल्याला चला म्हणाली. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी हात हलवत उभी होते. डोकं ठणकत होतं, आणि ते त्या दोघांना माहीत होतं.