डहाळी काही सुकेना

महादेवाला मी रोज बेल वाहतो, पण तो ऐकतो की नाही याची मला जन्मभर शंकाच होती. ती कशी फिटली ते लिहितो. शाळा दोन बुकं झाली, चुकेल तिथं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

नसबंदीच्या सालातली गोष्ट. आमचं गाव अन् लेकीचं सासर, दोन्ही वर्धा जिल्ह्याच्या पार उत्तरेला, डोंगरात. सकाळीच निरोप आला, लेक अडली आहे, सुईणीनं हात टेकले. एसटीनं आर्वीवरून फिरून जायचं तर संध्याकाळच व्हायची. पण आमच्या आंब्यावरचे पोपट चहा निवायच्या आत त्यांच्या ज्वारीवर उतरतात, अशी व्याह्यांची नेहमीची तक्रार. म्हटलं, पाखराले जमते ते मले काऊन नाई? निघालो सरळ डोंगरातून.

बायकोनं देवळातल्या बेलाची डहाळी दिली. "पोरीच्या उशाशी ठेवजा. सुकू देऊ नोका."

डोंगरात बकऱ्या चारणारे एक गोंड म्हातारबा भेटले. गाव किती दूर, विचारलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "हे डहाळी सुकली का गाव आलं समज." त्यांच्यात वाट अशीच मोजतात.

मी चाललो. लागेल त्या नाल्यात डहाळी बुडवायची, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळायची, पाण्याचा तुंबा भरून घ्यायचा. मधी एक गाव लागलं. लेकीच्या सासरी बापानं जाऊ नये हा आमचा बाणा, त्यामुळे तिचं गाव मी कधी पाहिलेलं नव्हतं. डहाळी हिरवीगार, म्हणजे हे गाव नव्हेच. दुसऱ्यांदा विचारणं आमच्या घराण्यात नाही. पुढं गेलो, थेट पक्क्या सडकेला लागलो.

तिथं दवाखान्याची जीप वाफ सोडत उभी, सोबत ड्रायव्हर अन् एक नर्सबाई. त्या सालात जीप दिसली की नसबंदीला धरतील म्हणून माणसं रानात पळत, त्यामुळे त्यांना पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. माझे पाय थकलेले, म्हणून मी तेवढा सापडलो. तुंबा ड्रायव्हरला दिला. नर्सबाईंनी विचारलं, कुठं चालले. मी सगळं सांगितलं.

"बाबा, ते गाव मागं राह्यलं!"

"कसं राह्यलं? डहाळी कुठं सुकली अजून?"

"कशी सुकन? तुम्हीच तिले पाणी पाजून राह्यले!" बाई हसल्या, अन् लगेच म्हणाल्या, "बसा जीपमध्ये."

जीप पाहून सारं गाव पळालं. व्याही तेवढे दारात उभे राहिले. बाई आत गेल्या. मी ओट्यावर महादेवाचं नाव घेत बसलो, अन् काय करावं ते पहिल्यांदाच त्याला शिकवलं नाही. शेवटी रडणं ऐकू आलं. नात झाली, लेक वाचली.

व्याही म्हणाले, "बुवा, तुमचे पोपट तर इथंच उतरतात. तुम्ही सडकेवर काऊन उतरले?"

मला राग आला नाही, हे आमच्या गावात कोणी खरं मानत नाही. मी गाव गाठायला निघालो होतो, महादेवानं मला जीपपर्यंत नेलं. कुठवर न्यायचं ते त्याला ठाऊक होतं, मी उगाच दिशा दाखवत होतो.

डहाळी लेकीच्या उशाशी ठेवली. खाटेखाली शेगडी पेटली होती. मी नातीचं तोंड पाहतो तोवर पानं कोमेजली. म्हातारबांचं बोलणं खरं ठरलं. डहाळी सुकली, गाव आलं.