कुंकू धुतलेली बंदूक

आईने बंदुकीला कुंकू लावलं. दसरा होता. मालकाच्या ओसरीवर हत्यारं पूजेला मांडली होती. बंदूक आम्हीच घरून नेली होती. ती ठासणीची भरमार मालकाची, पण लायसन नाही, म्हणून वर्षभर राहायची आमच्या झोपडीत, आढ्याला. बाप तिला तेल लावायचा. आईला वाटलं, एवढं सांभाळतो, तर बोटभर कुंकू लावावं.

मालकाने सगळ्यांसमोर तिला बंदूक धुवायला लावली. "तुमच्या हातचं कुंकू चालते का वं देवाले?"

आई धूत राहिली. बाप खाली मान घालून उभा. मी लहान होतो, मला राग आला तो आईचाच. कशाला लावायचं? एवढी आमची अक्कल गहाण पडलेली.

बाप मेला आणि बंदूक सांभाळणं माझ्याकडे आलं. वारसा तेवढाच, झोपडीसुद्धा मालकाच्या जागेवर. धान पिकलं की मालकाचा मुलगा रानडुकरं मारायचा. मटण त्यांच्या घरी, हाडं आमच्या अंगणात. एकदा जंगलखात्याने हाडं धरली. मालक म्हणाला, शिकार तूच केली का विचारलं तर हो म्हण, साहेब ओळखीचे आहेत, सोडतील. मी हो म्हटलं आणि भंडाऱ्याच्या तुरुंगात गेलो. सुटून आलो तेव्हा मालकाने पाठीवर थाप मारली आणि बंदूक परत आढ्याला ठेवायला दिली. मी ठेवली. कुत्रासुद्धा एवढा इमानी नसतो.

यंदा त्या मुलाने डुकराऐवजी गुराख्याची म्हैस मारली. गुराखी ठाण्यात गेला, पण गोळी कोणी झाडली ते सांगायची त्याची छाती झाली नाही. पोलीस आले तोवर बंदूक आमच्या आढ्याला पोचली होती. पोलिसांनी ती माझ्या गळ्यात अडकवून मला गावभर फिरवलं. लोक हसले. माझी मुलगी शाळेच्या फाटकात उभी होती, ती हसली नाही. पंचनाम्यावर सही मालकाची.

"जुना सजायाफ्ता आहे साहेब. बंदूक याचीच."

जामिनावर सुटलो. तारखेला मालक कोर्टाच्या आवारात गाठ घ्यायला आला. "तू फक्त हो म्हण. तुह्या नावावर डाग आहेच, अजून एक पडला त का फरक पडते? झोपडी राहू देतो."

झोपडी. बायको-पोरीच्या डोक्यावर तेवढंच छप्पर होतं.

आत न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. जीभ सवयीने 'हो'कडेच चालली होती. तेवढ्यात मला आईचे ओले हात दिसले.

"नाही साहेब. माह्या मायचं कुंकू नाही चाललं त्या बंदुकीले. मंग आता ते माही कशी झाली? मालकाची आहे."

त्याच दिवशी आमची भांडी रस्त्यावर आली. आता कोहमाऱ्याला, एका ढाब्याच्या मागच्या खोलीत राहतो. बायको तिथे भाकऱ्या थापते आणि माझ्याशी धड बोलत नाही. वकील म्हणतो, बंदूक तुझ्या घरात सापडली, त्यात आधीची शिक्षा, सुटणं कठीण. ठाऊक आहे मला. गेलो तर जाईन आत. पण मालकाचं नाव घेऊन जाईन, आणि प्रत्येक तारखेला ते घेत राहीन.

पोरीला एवढंच सांगून ठेवलंय. कोणाच्या बंदुकीला कुंकू लावायचं नाही. आणि कोणी धुवायला लावली, तर धुवायची नाही.